नेपाळी बायकांच्या सुटकेच्या गोष्टी मंडळात कशा सांगू?

मृणाल_डोंबिवली

८ मार्चला आमच्या सोसायटीच्या महिला मंडळात मला वीस मिनिटं बोलायचंय. विषय मीच सुचवला: फसवून विकल्या गेलेल्या आणि त्यातून बाहेर पडलेल्या नेपाळी स्त्रिया. मुंबईशी या विषयाचं नातं इतकं जवळचं आहे, तरी आपल्याकडे कामाठीपुरा म्हटलं की एक उसासा टाकायचा आणि पुढच्या विषयाकडे वळायचं.

अडचण अशी की शोधायला गेलं की सगळीकडे तोच साचा. गजाआड धूसर केलेला चेहरा, रडवणारी चार वाक्यं, मग कोणीतरी देवमाणूस येतो आणि सोडवतो. मला रडवायचं नाहीये. आमच्या मंडळातल्या बायका टीव्हीवरच्या मालिका बघून रोज रडतात, त्यासाठी माझी गरज नाही.

दुसरं म्हणजे आमच्या वॉचमनची बायको. ती पश्चिम नेपाळातल्या अछामकडची. कार्यक्रमाला खुर्च्या तीच लावते आणि मग शेवटच्या रांगेत बसून सगळं ऐकते. मी व्यासपीठावरून 'बिचाऱ्या नेपाळी मुली' असं म्हणत राहिले तर तिला काय वाटेल?

कोणाच्या गोष्टी सांगू आणि कशा, ते सुचवा.

अण्णा_ठाणे

फसवून नेल्या जाणाऱ्या मुलींना वाचवणाऱ्या 'मैती नेपाळ' संस्थेच्या अनुराधा कोइराला यांच्यावर बोला. १९९३ साली संस्था काढली, २०१७ मध्ये आपल्या सरकारने पद्मश्री दिली. संस्थेच्या मुली अशांना अडवायला सीमेवर उभ्या असतात, त्यातल्या कितीतरी स्वतः यातून गेलेल्या. मुलीला घेऊन जाणारा कोणता 'मामा' खरा आणि कोणता दलाल, ते त्यांना आपल्यापेक्षा चटकन कळतं.

पशुपतिनाथ-मुक्तिनाथ करताना आम्ही सुनौलीला चालत सीमा ओलांडली. कमानीखालून पलीकडे, की झालं नेपाळ! आमच्या पंचवीस जणांतल्या एकालाही कोणी कागद विचारला नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारापासून हे असंच आहे. यात्रेकरूंची सोय आणि दलालांचीही.

वैशाली_काठमांडू

मृणालताई, नवऱ्याच्या नोकरीमुळे मी बरीच वर्षं इथे काठमांडूत आहे. अण्णा म्हणतात ते खरंच आहे, पण तिथून सुरुवात केलीत तर गोष्ट पुन्हा 'कोणी वाचवलं' इथेच जाऊन थांबेल. मी तुमच्या जागी असते तर 'शक्ति समूह' या सुटून आलेल्या बायकांच्याच संस्थेपासून सुरुवात केली असती.

फेब्रुवारी १९९६. मुंबईच्या वेश्यावस्तीत पोलिसांनी मोठ्या धाडी घातल्या आणि चारशेहून जास्त मुली-बायका बाहेर काढल्या. त्यांत नेपाळी खूप. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने बातमी तिथे संपली. मुलींचे मात्र त्यापुढचे हाल सुरू झाले. सुधारगृहात नेऊन ठेवलं आणि नेपाळ सरकार त्यांना परत घेईना. तुम्ही नेपाळीच कशावरून, कागद दाखवा. वर एचआयव्ही घेऊन येतील ही धास्ती. तिकडच्या वर्तमानपत्रांतही काय काय छापून आलं ते विचारू नका. शेवटी काठमांडूच्या संस्थांनी जबाबदारी उचलली आणि जुलैमध्ये सव्वाशेच्या वर मुली परत आल्या. म्हणजे सुटका झाल्यावर पाच महिने कोंडवाड्यात.

त्यातली एक चरीमाया तामाङ, सिंधुपाल्चोक जिल्ह्यातली. विकली गेली तेव्हा सोळा वर्षांची होती, मुंबईत बावीस महिने काढले. परत गेल्यावर तिने काय केलं, तर स्वतःच्या नावाने खटला भरला. विचार करा, आपल्याच जिल्ह्यात, जिथे सगळे ओळखतात, तिथल्या कोर्टात उभं राहून बोट दाखवायचं की यांनी मला विकलं. १९९७ मध्ये आठही जण दोषी ठरले.

त्याच परतलेल्या मुलींपैकी पंधरा जणींनी मिळून शक्ति समूह उभा केला. विकल्या गेलेल्या बायकांनी स्वतःच काढलेली आणि स्वतःच चालवलेली संस्था. सुनिता दनुवार त्यांच्यातलीच, चौदाव्या वर्षी मुंबईत विकली गेलेली. सुरुवात १९९६ ची, पण अधिकृत नोंदणी व्हायला २००० साल उजाडलं. का? संस्था नोंदवायला नागरिकत्वाचा दाखला लागतो आणि तो यातल्या बहुतेकींकडे नव्हता.

या दाखल्यावर पाच मिनिटं द्याच. इथे त्याला नागरिकता म्हणतात, सोळाव्या वर्षी मिळते. आपल्याकडे आधार, पॅन, रेशनकार्ड, काही ना काही असतंच. इथे सगळं या एका कागदावर लटकलेलं. बँकेत खातं, जमीन, पासपोर्ट, सिमकार्डसुद्धा. माझ्याकडे काम करणाऱ्या दिदीच्या थोरलीची नागरिकता काढायची होती. बाप कधीच दुसरीकडे घर करून बसलेला. मी सोबत वॉर्ड कार्यालयात गेले. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, 'बाबुको नागरिकता खोइ?' म्हणजे बापाची नागरिकता कुठाय? दिदी म्हणाली, बाप नाही. त्याने अर्ज बाजूला सरकवला आणि पुढच्याला हाक मारली. बस, एवढंच. ना आवाज चढवला, ना अपमान केला. मग काका शोधा, साक्षीदार आणा, वॉर्डाची शिफारस मिळवा, तिथून जिल्हा प्रशासन कार्यालय. शेवटी मिळाला तो तळहाताएवढा कागद, हाताने भरलेला, त्यावर दोन्ही अंगठ्यांचे ठसे. दिदीने तो त्याच दिवशी प्लास्टिकमध्ये मढवून आणला.

ही सरळ घरातली मुलगी. आता मुंबईहून आलेल्या मुलीचा विचार करा. जो बाप 'ही आमची मेली' म्हणून मोकळा झाला, त्याच्याच शिफारशीवाचून तिचं अडलेलं. कुंटणखान्याचं दार पोलिसांनी उघडलं, पण हे दुसरं दार या मुलींनी खेटे घालून घालून स्वतः उघडलं. २०१३ मध्ये शक्ति समूहाला मॅगसेसे मिळाला, त्याहून मला ती २००० सालची नोंदणी मोठी वाटते.

प्रकाश_सांगली

वैशालीताई, लिहिलंय उत्तम, पण धाडीला सरसकट 'सुटका' म्हणू नका. सज्ञान बाई स्वतःच्या हिशेबाने धंदा करत असेल, तर तिला गाडीत कोंबून सुधारगृहात टाकणं याला मी सुटका म्हणणार नाही. आमच्याकडे सांगलीत व्हॅम्प या वेश्याव्यवसायातल्या बायकांच्याच संघटनेच्या बायका हे वर्षानुवर्षं सांगतायत. प्रत्येक धाडीत काही जणी अशा असतातच, ज्यांचं घर त्या कमाईवर चाललेलं असतं. त्यांचं पुढे काय होतं, कोणी विचारत नाही.

वैशाली_काठमांडू

प्रकाशजी, मान्य. पण मी लिहिलंय ते चौदा आणि सोळा वर्षांच्या मुलींबद्दल. तिथे मर्जीचा प्रश्नच येत नाही. तुमचा मुद्दा वेगळा आहे, खोटा नाही, आणि मृणालताईंनी तो एका वाक्यात तरी सांगावा. शक्ति समूहाचं आणि व्हॅम्पचं बाकी काही पटो न पटो, आमच्याबद्दल ठरवताना आम्हाला विचारा, हे दोघींचंही म्हणणं.

मृणाल_डोंबिवली

बापरे, वीस मिनिटांत कसं बसवू! वैशाली, तीन शंका. नावं घेतलेली चालतात का? प्रोजेक्टरवर फोटो दाखवू का? आणि आमच्या एक सेक्रेटरीबाई म्हणतात, हे सगळं जुनं झालं, आता कुठे असं असतं.

वैशाली_काठमांडू

चरीमाया, सुनिता यांची नावं बिनधास्त घ्या. त्या स्वतः चेहरा उघडा ठेवून जगभर बोलल्यात. बाकी कोणाचंही नाव, गाव, फोटो नको, नेटवर सापडला तरी नको. गावाचं नाव कळलं की लग्नं मोडतात, धाकट्या बहिणींचीसुद्धा. मुलगी अल्पवयीन असेल तर आपल्याकडे बाललैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्यानुसार माध्यमांत ओळख उघड करणं गुन्हाच आहे. गजाआडचे ते विकतचे फोटो तर अजिबात नकोत. प्रोजेक्टर लावायचाच असेल तर नकाशा दाखवा: सिंधुपाल्चोक, सुनौली, गोरखपूर, मुंबई.

वॉचमनच्या बायकोला 'तुमच्या देशाबद्दल दोन शब्द सांगा' म्हणून उभं करू नका, एवढं माझं ऐका. अछाम आणि सिंधुपाल्चोकमध्ये अर्धा नेपाळ आडवा पडलाय. डोंबिवलीत कोणी तुम्हाला गडचिरोलीबद्दल बोलायला लावलं तर कसं वाटेल? तिच्या खुर्च्या त्या दिवशी दुसऱ्या कोणी लावल्या तर जास्त बरं.

आणि सेक्रेटरीबाईंना सांगा, धंदा तोच आहे, वाट बदललीय. २०१२ मध्ये नेपाळने तिशीच्या आतल्या बायकांना आखातात घरकामाला जायला बंदी घातली. काळजीपोटीच, पण झालं काय, की काठमांडूच्या विमानतळावर अडवतात म्हणून दलालांनी त्यांना उघड्या सीमेवरून भारतात आणायचं आणि दिल्ली-मुंबईहून विमानात बसवायचं. चोरवाटेने गेलेल्या बाईची कुठे नोंदच नसते, मग तिकडे पगार बुडवला किंवा पासपोर्ट काढून घेतला तर तिने कोणाकडे जायचं? बंदीचा हा तोटा इथल्या संस्था केव्हापासून सांगतायत.

वेळ उरलाच तर शांता चौधरी. पश्चिम तराईतल्या थारू समाजात मुलींना माघीच्या सणाला वर्षाच्या कराराने सावकाराघरी राबायला पाठवत, त्या कमलरी. ही आठव्या वर्षी गेली आणि अठरा वर्षं राबली. २००८ मध्ये संविधान सभेवर निवडून आली आणि संसदेच्या नैसर्गिक साधनसंपत्ती समितीची अध्यक्ष झाली. कमलरी प्रथा बंद झाल्याची सरकारी घोषणा व्हायला मात्र २०१३ उजाडलं, तेही थारू मुली काठमांडूच्या रस्त्यावर उतरून पोलिसांचा मार खाऊन झाल्यावर.

मृणाल_डोंबिवली

वेळ उरणार नाही, काढावाच लागेल. स्वागतगीत रद्द करायला सांगते.