धोट्याच्या जागेवर दगड बसवावा का? आणि जरीला वीस दिवस कुणावर सोडून जावं?

मागवाली, वडगाव (बेळगाव)

नमस्कार मंडळी. दोन गोष्टी विचारायच्यात. एक गेलेल्या कुत्र्याची, एक घरात असलेल्या मांजरीची. माझ्या मनात त्या एकमेकींत गुंतल्यात म्हणून एकाच ठिकाणी लिहिते. थोडं लांबेल.

आमच्या घरी दोन यंत्रमाग. तेरा वर्षांपूर्वी ऐन पावसात खासबागहून येताना यांनी सुताच्या पिशवीतनं एक पिल्लू आणलं, कानाच्या टोकाला पांढरा ठिपका असलेलं. पहिल्याच दिवशी ते पुढच्या दारातनं मागच्या दारी आणि मागच्या दारातनं पुढं असं पळत सुटलं, म्हणून नाव पडलं धोट्या. विणकर नसलेल्यांसाठी सांगते, धोटा म्हणजे ताण्यातून इकडून तिकडे पळतो तो. बाण्याची कांडी त्याच्या पोटात असते.

धोट्याची जागा दुसऱ्या मागाच्या पायाशी. एवढ्या खडखडाटात तो गाढ झोपायचा. पण धागा तुटून माग थांबला की यांचं लक्ष जायच्या आधी त्याची मान वर. हे उठायचे, गाठ मारायचे, माग सुरू व्हायचा, मग तो परत मान टाकायचा. शेवटच्या दोन वर्षांत कान मंदावले होते, तरी हे चुकलं नाही. फरशीतनं त्याच्या पोटाला कळत असावं.

या चैत्रात, पाडवा होऊन तीनच दिवस झाले होते, पुण्याहून जावयांचा रात्री फोन आला. मुलीला आठव्यातच कळा सुरू झाल्या होत्या. पहाटेच्या गाडीनं आम्ही दोघं निघालो. किल्ली शेजारच्या वैनींकडे दिली आणि दारात उभ्या उभ्या सांगितलं, "सकाळी दूध-भाकरी, रात्री दूध-भाकरी, पाणी बदला." एवढंच. त्याची पितळी विटेवर ठेवावी लागते, कारण मान खाली केली की दुखते, हे सांगायचं राहिलं. मी शेजारी बसल्याशिवाय तो पहिला घास घेत नाही, हे राहिलं. आणि माग बंद राहणार, हे तर आम्हाला सुचलंच नाही.

नात काचेच्या पेटीत बावीस दिवस होती. सतराव्या दिवशी धोट्या गेला. वैनींनी दोन दिवस कळवलं नाही. आमचं तिथलं बघून त्यांना धीर झाला नाही. त्यांच्या मुलानं येळ्ळूरच्या वाटेवरच्या त्यांच्या शेतात त्याला पुरलं. बोल लावावा असं त्यांनी काहीच केलेलं नाही. पण परत आल्यापासून मी त्यांच्याशी धड बोलू शकलेली नाही. त्या "तो कसा..." म्हणून सुरू करतात आणि मी उठून आत जाते.

आता विचारायचं ते असं. त्या शेतात मृगाच्या आधी भाताची पेरणी होईल, म्हणजे कुळव फिरणार. शेत आमचं नाही. तिथं दगड ठेवू द्या म्हणणं बरं दिसेल का? माझे मोठे दीर म्हणतात मुक्या जनावराचं सुतक नसतं, दिवस नसतात, हे खूळ काढू नका. हे काही बोलले नाहीत, पण बारा दिवस यांनी गोड खाल्लं नाही. मला दिसलं.

दुसरं जरीचं. जरी आमची मांजर, चार वर्षांची, अंगावर पिवळी किनार. बारसं लांबलंय ते पुढच्या महिन्यात आहे. वीस दिवस तरी जावं लागेल, दोघांनाही. पुण्याला तिला न्यावी, कुठं ठेवावी की घरीच सोडावी? माझा हात धजत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

निपाणीकर

ताई, मी पशुवैद्यकीय दवाखान्यात एकतीस वर्षं काढली. आता निवृत्त आहे. तुमच्या जरीचं आधी सांगतो, कारण तिचं अजून हातात आहे.

तिला घरीच ठेवा. कुत्रा माणसाला धरून राहतो, मांजर जागेला धरून. पुण्याच्या फ्लॅटात, त्यात तान्हं बाळ, ती कपाटामागे जाऊन बसेल. परक्या ठिकाणी पिंजऱ्यात ठेवण्यापेक्षा आपल्या घरात, दिवसातून दोनदा ओळखीचं माणूस येणं केव्हाही बरं. खाणं बदलू नका. जे रोज देता तेच, त्याच भांड्यात, त्याच वेळेला. तुमचं वापरलेलं लुगडं न धुता तिच्या झोपायच्या जागी ठेवा.

येणाऱ्या माणसाला एक गोष्ट ठासून सांगा. मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर "रुसली असेल" म्हणून थांबायचं नाही. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि मग ते झपाट्यानं खालावतं. तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, डॉक्टर गाठायचा. दुसरं, ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल चुरून द्यायची नाही. मांजराला ते विष आहे. शेजारी प्रेमानंच देतात, मी अशी मांजरं पाहिलीत.

रेबीजची लस या वर्षीची झाली आहे का बघा, नसेल तर जायच्या आधी टोचून घ्या. वैनींना ओरखडा किंवा चावा बसलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यायचं. लस झालेली मांजर आहे म्हणून टाळायचं नाही. आणि तुमच्या सहीचा एक कागद ठेवा: आमच्या गैरहजेरीत हिच्यावर उपचार करायला आमची संमती आहे, खर्च आम्ही देऊ. त्या कागदाअभावी शेजारी घुटमळतात आणि वेळ जातो.

धोट्याबद्दल. गावठी कुत्र्याला तेरा वर्षं म्हणजे पिकलं पान. त्या वयात मूत्रपिंडं आधीच थकलेली असू शकतात. पाणी जास्त पितो, खाणं कमी होतं आणि घरच्यांना ते म्हातारपण वाटतं. त्याला न तपासता मी कारण सांगणार नाही. पण तो नुसता तुमच्या वाटेकडे बघून गेला असं मनात धरून बसू नका. पितळी विटेवर नव्हती म्हणूनही नाही.

पुरताना खड्डा तीन-चार फूट खोल होता का आणि विहिरीपासून लांब आहे का, एवढं वैनींच्या मुलाला विचारून घ्या. उथळ असेल तर भटकी कुत्री उकरतात. वर दगड रचणं त्या कारणानंही योग्यच आहे.

शिवारातला, खानापूर तालुका

अक्का, तुमी दिरांचं मनावर घेऊ नका. जनावराचं सुतक नसतंय, मान्य. खरं आठवण काढायला कुणाची ना आहे?

आमच्या आज्जानं पाखऱ्या बैल गेला तवा त्याला विकला न्हाई. आमच्याच शेतात, लिंबाच्या बुडाला पुरला. पोतंभर मीठ घातलं, वर हळद-कुंकू, आणि त्याच्या गळ्यातली घंटी काढून गोठ्याच्या मेढीला बांधली. आज्जा जाऊन वीस वर्सं झाली. कारहुणवीला, म्हंजे बैलांच्या सणाला, आमी बैलांची शिंगं रंगवतो, पोळी खाऊ घालतो आणि मग त्या घंटीला बी कुंकू लावतो. माझ्या पोरांनी पाखऱ्या बघितलेला न्हाई, खरं नाव पाठ आहे.

शेताचं असं बगा. राबत्या शेताच्या मधी दगड नको. कुळवाच्या फासाला लागतोय, मालक तोंडावर काय म्हणणार न्हाई खरं मनात ठेवतोय. दगड बांधावर घाला. बांध कुणी नांगरत न्हाई. पुरलेली जागा मधी असू दे की, तिच्यावर भात येऊ दे, दगड तिच्याकडं तोंड करून बांधावर. आणि इचारायला दोघं मिळून जावा, हातात खोबरं-साखर घेऊन. ज्या पोरानं खड्डा काढला त्यालाच सांगा दगड बसवायला. त्याला बरं वाटंल. त्यानं बी परक्याचं कुत्रं आपल्या रानात पुरलंय, ते काय हलकं काम न्हवं.

मागं ठेवून जायचं म्हणाल तर, सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला आमचं आख्खं घर गाडी जोडून जायचं, आठ दिवस. मागची गुरं आणि कुत्रं वाटेकऱ्यावर. आई त्याला कधीच नुसतं "बघ" म्हणायची न्हाई. जायच्या आधी चार दिवस त्यालाच वैरण घालायला लावायची आणि आपण लांब उभारायची. गाय त्याच्या हातचं खायला लागली की मगच आई गाडीत बसायची. तुमी बी तसंच करा. वैनींना आठवडाभर आधी रोज बोलवा, जरीला त्यांच्या हातचं खाऊ दे.

टिळकवाडी ते बेंगळूर

काकू, मी मूळची टिळकवाडीची, नोकरीला बेंगळूरला. "खूळ" हा शब्द वाचला आणि राहवलं नाही.

इथं कस्तुरबा रोडवर सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. तिथं मंड्य जिल्ह्यातल्या आतकूर गावाहून आणलेला एक वीरगळ आहे, इ.स. 949-50 चा. राष्ट्रकूटांचा कृष्ण तिसरा आणि चोळ यांच्यात तक्कोलमला लढाई झाली, त्या काळातला. गंग राजा बूतुगाचा एक योद्धा होता, मनलेर. पराक्रमाबद्दल काय हवं ते माग म्हटल्यावर त्यानं काळी नावाची कुत्री मागून घेतली. पुढे ती रानडुकराशी झुंजली आणि दोघंही मेली. तिच्यासाठी देवळापुढे दगड उभा केला, त्यावर ती झुंज कोरली आणि जमीनही दान दिली. लेख जुन्या कन्नडमध्ये आहे. मी दगडासमोर उभी राहिले तेव्हा माझा बोका जाऊन महिना झाला होता. हजार वर्षांपूर्वीच्या एका कुत्रीचं नाव मला वाचून दाखवलं जात होतं आणि मी रडत होते. दिरांना सांगा, हे नवीन खूळ नाही, आपल्याच राज्यात आहे.

जरीसाठी एकच सुचवते. मागाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून जुन्या फोनवर दिवसातून तासभर लावायला सांगा. उपयोग होईलच असं छातीठोक सांगत नाही, पण तिचा जन्म त्या आवाजात गेलाय. आणि आधी एक रात्र कुठंतरी राहून या, शहापुरात नातेवाइकांकडे गेलात तरी चालेल. ती रात्र कशी गेली ते बघा.

मागवाली, वडगाव (बेळगाव)

सगळ्यांना हात जोडून. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण आधी वैनींकडे जायचं होतं.

खानापूरच्या दादांनी सांगितलं तसं खोबरं-साखर घेऊन दोघं गेलो. मी यावेळी उठले नाही. त्या बोलत होत्या आणि मी ऐकत होते.

झालं असं होतं. मागावर एका साडीचं काम अर्धं राहिलं होतं आणि व्यापारी थांबायला तयार नव्हता. यांनी पुण्याहून वैनींच्या मुलाला फोन करून तेवढी उतरवून घे म्हणून सांगितलं होतं. ते मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की धोट्या तोपर्यंत चौदा दिवस मागाच्या खोलीच्या बंद दाराला टेकून पडून होता. मुलानं पंधराव्या दिवशी दार उघडलं, माग सुरू केला, आणि तो उठून आपल्या पायानं आत गेला. आपल्या जागेवर पडला. बाणा तुटला तेव्हा मान वर केली. मुलानं हे हसून आईला सांगितलं होतं. त्या संध्याकाळी वैनींनी अर्धी भाकरी दुधात कुस्करून तिथंच नेली आणि त्यानं ती खाल्ली. नंतर त्या खोलीचं दार त्यांनी लावलंच नाही. सतराव्या दिवशी सकाळी तो तिथंच होता, मागाच्या पायाशी.

हे सगळं त्या मला महिनाभर सांगायला बघत होत्या.

निपाणीच्या साहेबांनी म्हटलं तसं विचारलं. खड्डा छातीएवढा काढला होता, विहीर लांब आहे. पाणी जास्त प्यायचा का, तर होय, पाडव्याच्या आधीपासून भांडं दोनदा भरावं लागत होतं. मी उन्हाळा म्हणून सोडून दिलं होतं. यापुढे सोडणार नाही.

परवा वळीव पडून गेल्यावर माती मऊ होती. दगड घरचाच, मागच्या दारातला, ज्याच्यावर तो उन्हाला बसायचा. यांनी छिन्नीनं त्याच्यावर नाव नाही घातलं, धोट्याचा आकार काढला, दोन्ही टोकं निमुळती. वैनींच्या मुलानं बांधावर तो बसवला. त्या बाजूनं पुढच्या आठवड्यात पेरणी आहे. मोठे दीर आले नव्हते, पण संध्याकाळी घरी येऊन "कुठल्या बांधावर?" एवढं विचारून गेले.

वैनी कालपासून सकाळी येतात. जरी पहिल्या दिवशी बिमामागे, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळामागे, जाऊन बसली, आज बाहेर आली, वैनींच्या पायाशी बसली, खाल्लं मात्र मी आत गेल्यावर. कागद लिहायला घेतलाय. संमतीचं, लसीचं, गोळी द्यायची नाही ते झालं. आता तिच्या सवयी लिहितेय. उजव्या कानामागं खाजवलेलं चालतं, पोटाला हात लावलेला चालत नाही. पाण्याचं भांडं खिडकीखाली, जेवणाजवळ ठेवलं तर पीत नाही. रात्री दुसऱ्या मागाच्या पायाशी झोपते, धोट्याच्या जागेवर, तिथनं उठवू नये.