मदत हवी आहे: मोरोक्कोतल्या नमाजाच्या वेळा अ‍ॅपशी जुळत नाहीयेत

रमजानमध्ये अम्मी-अब्बूंना घेऊन फेजला जातोय. अ‍ॅपवर कराची मेथड (वेळा काढायची आपल्याकडची पद्धत) आणि हनफी असर (दुपारनंतरची नमाज, सावली दुप्पट झाल्यावर) आहे, तिथल्या हबूस म्हणजे धार्मिक बाबींच्या मंत्रालयाच्या तक्त्याशी काहीच जुळेना. असर शाफईवर टाकल्यावर ती बसली (मोरोक्कोत चालणाऱ्या मालिकी पंथाचीही तीच, सावली एकपट झाल्यावर), पण फजर (पहाटेची नमाज) तक्त्यात पाचेक मिनिटं लवकर आहे आणि सहरीचा मामला आहे म्हणून घोळ नको. लोकेशन चेक केलंय, मोरोक्को एरवी जीएमटी+१ वर असतं आणि रमजानपुरतं घड्याळ तासभर मागे घेतं तेही धरलंय. रोज वेबसाइट बघा सांगू नका, अब्बूंना अजानचा अलार्मच लागतो. तर कस्टम अँगलमध्ये (सूर्य क्षितिजाखाली किती अंश) फजर १९ आणि इशा (रात्रीची नमाज) १७ टाकलं की पुरतं, का वर मिनिटंही अ‍ॅडजस्ट करावी लागतात? आणि फेजच्या करवीयीन मशिदीत तरावीहला (रमजानमधली रात्रीची जादा नमाज) बायकांचं गेट कुठलं?