शुद्ध गेली नाही म्हणून निर्धास्त राहू नका
मुलगा शेवाळावरून घसरून डोक्यावर आपटलाय पण बेशुद्ध झाला नाही, तर डॉक्टरकडे न्यायलाच हवं का असं विचारलंय. न्याच. मेंदूला हादरा बसला की शुद्ध जातेच असं नाही, बहुतेकांची जात नाही.

गेल्या पावसात आमचे काका मागीलदारी चिऱ्याच्या पायरीवर आपटले. रक्त नाही, टेंगूळ पण बारकं, उठून चहासुद्धा प्यायले आणि मग विचारतात, "गाय बांधलीस काय रे?" बांधली म्हटलं तर दोन मिनिटांनी परत तेच, असं सात-आठ वेळा, आणि आपण पडलो कसे तेच आठवेना. तडक रत्नागिरीला नेलं. सीटी स्कॅन नॉर्मल आला तरी डॉक्टर म्हणाले कन्कशन आहे, म्हणजे मेंदूला हादरा बसलाय; स्कॅनमध्ये रक्तस्राव असला तर दिसतो, नुसता हादरा दिसत नाही. पुढे दोन आठवडे उजेड नि आवाज सहन होत नव्हता.

मुलाचं डोकं दुखतंय, गरगरतंय, उगाच चिडचिड करतोय का बघा. पण परत परत उलटी, वाढती गुंगी, फिट, बोलणं अडखळणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या, नाका-कानातून पाण्यासारखं येणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका, थेट १०८ ला फोन. घाटातला रस्ता, त्यात पाऊस, वेळ जातोच. आणि घरात कोणी रक्त पातळ होण्याची गोळी घेणारं पडलं तर काहीही होत नसलं तरी लगेच न्या.