मदत हवी आहे: 20 तारीख आणि घर, दोन्ही कसं सांभाळता?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलंय, सांभाळून घ्या.

मी बेळगावात टॅक्सचं काम करतो, वय 41, टिळकवाडीत छोटं ऑफिस, हाताखाली एक पोरगा. क्लायंट बहुतेक उद्यमबागचे, कास्टिंग-मशीनिंगवाले, थोडे खडेबाजारचे दुकानदार. बायको स्टाफ नर्स, तिची शिफ्ट दर आठवड्याला वेगळी. पोरगी चौथीत. बाबा एकटे गावी, जांबोटी साइडला, भातशेती सोडून इकडं यायला तयार नाहीत.

7 ला टीडीएस (पगार-बिलातून कापलेला टॅक्स) भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न), 20 ला 3बी (जीएसटी भरायचं रिटर्न). तारखा सगळ्यांना पाठ आहेत, तरी बिलं येतात 19 ला रात्री, ती पण व्हॉट्सअ‍ॅपवर वाकडे फोटो काढून, एकात तर बिलापेक्षा चहाचा कपच जास्त दिसत होता. नाही म्हणायला जीभ रेटत नाही कारण निम्मे लोक ओळखीतले नाहीतर गणपती मंडळातले.

त्यात ई-वे बिल, म्हणजे मालाच्या गाडीबरोबर लागणारं ऑनलाइन बिल. रात्री साडेदहाला फोन, "सर गाडी बंद पडली, दुसऱ्या गाडीत माल घालूलोय, नंबर बदलून द्या, कोगनोळीला चेकिंग हाय म्हणे." हे हमखास ताटावर बसलो की. हात धुवायचे, लॅपटॉप उघडायचा, पार्ट बी मधे नवीन गाडीचा नंबर घालायचा, परत येईस्तोवर भाकरी वातड आणि पोरगी झोपलेली.

2024 ला इन्कम टॅक्स रिटर्नची 31 जुलै काही पुढं गेली नाही, तेव्हा रोप लावणीला एक दिवस सुद्धा गावी गेलो नाही, बाबांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन उरकलं. 2025 ला सरकारनं 31 जुलैची 15 सप्टेंबर केली, क्लायंट म्हणाले सुटलो, आणि सगळे येऊन पडले गणपतीत. चतुर्थी 27 ऑगस्टला होती, मी लॅपटॉप घेऊनच गावी गेलो. घरात रेंज नाही, ओटीपीसाठी माळावर जाऊन उभा, खाली आरती चाललेली ऐकू येतेय. बाबा एवढंच म्हणाले, "तुझी तारीख सरकार फुडं ढकलतंय, चवथ कुणी ढकलायची?"

हे सगळं चालवून घेत होतो, पण गेल्या महिन्यात शाळेच्या डायरीत टीचरनं कन्नडमधे काहीतरी लिहिलं होतं. मी मराठी शाळेतला, कन्नड बोलतो चांगलं पण वाचताना एकेक अक्षर लावावं लागतं. 20 तारीखच होती, न वाचता सही करून टाकली. ती पालक मीटिंगची चिठ्ठी होती. बायकोला दिवसपाळी, मी ऑफिसात, पोरीच्या बाकावर कुणीच गेलं नाही. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

तर तुमच्यात कुणी असलं काम करत असेल तर सांगा, फोन किती वाजता बंद करता, ओळखीच्यांना कसं थोपवता, आणि कन्नडला ट्यूशन लावू काय? काम कमी करा हा सल्ला नको, ऑफिसच्या लोनचा हप्ता आहे.

उद्यमबागवाला: मी पलीकडच्या बाजूचा, मशीन शॉप आहे. खरं सांगू काय, आम्ही 19 ला बिलं देतो कारण तुम्ही 19 ला घेताय. आमच्या सीएनी एकदा सांगितलं, 14 नंतर आलेली खरेदीची बिलं पुढच्या महिन्यात. क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) पुढं गेलं, तेवढा टॅक्स खिशातून भरला, तेव्हापासून 12 ला फाईल पोचते. आणि ई-वे बिलात ट्रान्सपोर्टरचा आयडी घाला की हो, गाडी बदलली तर तोच नंबर टाकतो. नाहीतर क्लायंटला पोर्टलवर सब-यूजर करायला सांगा, त्यांचा सुपरवायझर करील.

खानापूरची_लेक: वर्षाला 5 कोटी उलाढालीच्या आतले दुकानदार तिमाहीवर टाका, 3बी तीन महिन्यातून एकदा, आपल्याकडं 22 तारीख. पहिल्या दोन महिन्यांचा टॅक्स मात्र 25 च्या आत भरायचा. जॉबवर्कवाले तयार होणार नाहीत, त्यांच्या गिऱ्हाइकाला दर महिन्याला क्रेडिट पाहिजे असतं, त्यांची बिलं 13 पर्यंत आयएफएफमधे (तिमाहीवाल्यांना मधल्या महिन्यांची विक्रीची बिलं चढवायची सोय) घालता येतात पण ते पण कामच झालं. ट्यूशन नको, डायरी रोज पोरीलाच वाचून दाखवायला सांगा. माझा मुलगा माझ्या कन्नडच्या चुका काढतो, त्यात त्याला लई मजा.

एक_कॉफी: एवढं लिहिलंत, पण मिसेस काय म्हणतात ते कुठंच नाही.

धागाकर्ता: बरोबर पकडलंत. काल विचारलं. म्हणाली, "माझी ड्यूटी संपली की मी पुढच्या सिस्टरला हँडओव्हर देऊन येते, तुझा हँडओव्हर कुणाकडं?" ऑफिसातल्या पोराला तीन वर्षं झाली, अजून त्याला एकाही क्लायंटचा पासवर्ड दिलेला नाही, हे खरंय. आज पाच जणांचे दिले, त्यांना फोन करून विचारून.

ट्रान्सपोर्टर आयडीचं दोघांना सांगितलं, एक म्हणाला हे आधी का नाही सांगितलं. 14 नंतरची बिलं पुढच्या महिन्यात, असा मेसेज टाइप करून ठेवलाय, अजून पाठवलेला नाही. लिस्टमधे पहिलंच नाव सख्ख्या मामांचं, माझ्या शिक्षणाला पैसे त्यांनीच घातलेत. मामांना असलं कुणी सांगितलंय काय कधी?