सल्ला हवा आहे : टीव्हीचा आवाज येतो, चित्र नाही; दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

आमच्याकडे २०१७ साली घेतलेला ४३ इंची एलईडी टीव्ही आहे. गेल्या आठवड्यात बातम्या पाहत असताना पडदा दोनदा लुकलुकला आणि काळा झाला. आवाज मात्र स्वच्छ येतो, रिमोटने वाहिन्याही बदलतात. सेवा केंद्रातून आलेल्या तंत्रज्ञाने मागचे झाकणही न उघडता 'पॅनेल गेले, त्या खर्चात नवा येईल' असे सांगितले. घरच्यांचा कल नवा घेण्याकडे आहे, पण चांगला चाललेला टीव्ही असा टाकून द्यायला माझे मन होत नाही. आम्ही पुण्यात राहतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
नवा घेण्याची घाई करू नका. रात्री खोलीतले दिवे घालवून टीव्ही चालू करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरपा धरा. त्या उजेडात निवेदकाचा चेहरा अंधुक का होईना हलताना दिसला, तर पॅनेल शाबूत आहे, त्याच्या मागचा उजेड (बॅकलाइट) तेवढा गेला आहे. पडद्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात आणि त्यातले दिवे बहुधा एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे एक जळाला तरी सगळा पडदा अंधारतो. आमच्या टीव्हीला हेच झाले होते. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, म्हणजे तपकीर गल्लीतून, पट्ट्यांचा पूर्ण संच आणला, ओळखीच्या कारागिराने दोन तासांत बसवला आणि मजुरीसह तीन हजारांत काम झाले. त्याला आता तीन वर्षे होतील. फक्त जळालेली पट्टी बदलून घेऊ नका, कारण बाकीच्याही तितक्याच जुन्या असतात आणि पुन्हा सगळे उघडावे लागते. पट्ट्यांपर्यंत पोहोचण्यासाठी पॅनेलची पातळ काच उचलावी लागते. ती तडकली तर भरपाई कोण देणार, हे कामाआधीच ठरवून घ्या. दुरुस्तीनंतर सेटिंगमध्ये बॅकलाइट कमी ठेवा. तो कायम पूर्ण ठेवल्याने पट्ट्या तापतात आणि लवकर जातात.

प्रतिसाद २
वरील सल्ल्याशी सहमत आहे. मात्र पडद्याला तडा असेल किंवा उभ्या रेघा येत असतील, तर बहुतेक वेळा दोष पॅनेलमध्येच असतो आणि तिथे खर्च करू नये. तसे निघाल्यास टीव्ही भंगारवाल्याला देऊ नका. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार जुन्या वस्तूंच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून आधी कंपनीकडे चौकशी करावी.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री टॉर्च धरून पाहिले. डाव्या कोपऱ्यात वाहिनीचे चिन्ह आणि खाली सरकणारी बातमीची ओळ दिसली. आईने तर ती वाचूनही दाखवली. टीव्हीच्या मागचा मॉडेल क्रमांक लिहून घेतला आहे, शनिवारी तपकीर गल्लीत जाईन. काच उचलण्याचे काम काळजीने करणारा कारागीर कोथरूड परिसरात कोणाच्या माहितीत असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे.