अमेरिकन गायक टी बोन बर्नेट प्रोड्युसर (म्हणजे दुसऱ्यांचे अल्बम घडवणारा) झाला, मग त्याचं स्वतःचं गाणं सुटलं का?

गंगापूररोडकर:
नमस्कार मंडळी. आठ वर्षं गिटारवर गोंधळ, भारूड असं फोक-रॉक गातोय, पण बँड आता मोडल्यातच जमा आहे, ड्रमर पुण्याला आणि बेसवाला बंगळुरूला. मध्यंतरी इंदिरानगरच्या घरी एका खोलीत भिंतींना गोधड्या लावून दोघातिघांचं रेकॉर्डिंग करून दिलं, ते लोकांना आवडलं आणि आता सगळे त्यासाठीच फोन करतात, गायला कोणी बोलवतच नाही. बर्नेट पण आधी गायकच ना? त्याचं पुढे काय झालं, कोणी नीट सांगेल का, खरंच टेन्शन आलंय.

देवळालीचा_श्रोता:
सुटलं नाही, पण मागे पडलं, खोटं कशाला सांगू. १९७५ ला बॉब डिलनच्या रोलिंग थंडर रिव्ह्यू टूरमध्ये तो गिटारवर होता, मग अल्फा बँड, १९८० पासून स्वतःच्या नावावर अल्बम. पण १९९२ नंतर स्वतःचा पुढचा अल्बम थेट २००६ ला, म्हणजे चौदा वर्षं! त्या मधल्या काळातच काउंटिंग क्रोज या रॉक बँडचा पहिला अल्बम प्रोड्यूस केला आणि 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' सिनेमाची गाणी केली, त्याला २००२ ला अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी. पुढे रॉबर्ट प्लांट आणि अ‍ॅलिसन क्राउस या गायक-गायिकेच्या, त्यानेच प्रोड्यूस केलेल्या अल्बमला २००९ ला परत तेच. आणि २०२४ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, स्वतःच्या गाण्यांचा नवा अल्बम काढलाच की त्याने.

डफ_डिमडी:
त्याच सिनेमात राल्फ स्टॅनली या म्हाताऱ्या गायकाचं 'ओ डेथ' आहे. बर्नेटला ते बँजोवर हवं होतं, स्टॅनली म्हणाला मी नुसत्या गळ्यावर गातो, आणि बर्नेटने ऐकलं. ग्रॅमी मिळालं त्या गाण्याला. भाऊ, तू आत्याच्या ओव्या टाकल्या होत्यास त्या मी दोनदा ऐकल्या, त्यात गिटार, पॅड (कीबोर्डचा लांबवलेला सूर), रिव्हर्ब (घुमारा) एवढं भरलंय की जात्याची घरघर कुठे ऐकूच येत नाही. राग मानू नकोस.

गंगापूररोडकर:
राग कसला दादा. आत्याच्या कानात हेडफोनवर क्लिक ट्रॅक, म्हणजे लय धरायची टिकटिक, दिला होता मी, झाल्यावर ती म्हणाली, "तुझ्या टिकटिकीत दम घ्यायला जागाच नाही रे." तेव्हा कळलं नाही, तुमचं वाचून कळतंय.

सिडको_बेस:
आणि मंगळवार संध्याकाळ स्वतःच्या गाण्यासाठी राखून ठेव, त्या वेळी कोणाचं मिक्सिंग घ्यायचं नाही म्हणजे नाही. मी नाही ठेवली, तीन वर्षांत एक गाणं पुरं झालं नाही माझं, अजून वाईट वाटतं.

गंगापूररोडकर:
मंगळवार पक्का. रविवारी आडगावला आत्याकडे जातोय, पहाटे साडेपाचला ओव्या परत रेकॉर्ड करणार, कारण सातला शेजारच्या द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर सुरू होतो. एकच माइक, क्लिक नाही, गिटार घरीच. माइक जात्यापासून किती लांब ठेवू, दादा?

डफ_डिमडी:
तीनेक फुटांवर, तोंड आत्याकडे, जात्याकडे नाही. आणि खाली गोणपाट टाक, जमिनीतून हादरा येतो.