बालधोरणाला कायद्याचा आधार काय?

प्रश्न: सोलापुरात १२ वर्षांची पोर आईच्या शेजारी सूप घेऊन विड्या वळते. तक्रारीत २०१३चं राष्ट्रीय बालधोरण लिहिलं तर चालेल?

उत्तर १: नुसतं धोरण नको, त्यावर दावा टिकत नाही. घटनेचं कलम २१-अ (शिक्षणाचा हक्क) आणि २४ (बालमजुरीला बंदी) लिहा. २४ मध्ये मात्र कारखाना, खाण, धोक्याचं काम एवढंच, घर निसटतं. म्हणून १९८६चा बालकामगार कायदा जोडा.

उत्तर २: पण २०१६च्या दुरुस्तीत शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदतीला सूट आहे ना?

उत्तर १: आहे, पण विडी कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे शेवटी जोडलेल्या बंदी असलेल्या कामांच्या यादीत, येते. तिथे सूट नाही. नेमकं हेच विसरतात!

उत्तर ३: आधी १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी लावा. मुलीला ताब्यात घेतलं तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे (मुलांच्या काळजी-संरक्षणाचा निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) न्यावं लागतं.